सरळ हात

नारपोली, भिवंडी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

श्रीयुत जिव्या राघो मुकणे यांस,

हे पत्र पहिल्याच ओळीवर अडले. आपण आमच्या घरी राहत होता तेव्हा मी आपणांस 'अरे जिव्या' अशी हाक मारीत असे. परंतु ज्याने आपल्या उंबऱ्याकडे पाठ केली त्यास 'अरे' म्हणण्याचा हक्क राहत नाही, असे माझे मत आहे. म्हणून 'श्रीयुत' लिहिले. यात टोमणा नाही.

लिहिण्याचे कारण दुःखाचे आहे. माझा मुलगा हरेश, म्हणजे आपले सर, गुरुवार दिनांक ९ जानेवारी रोजी सकाळी वारला. शाळेमागच्या मैदानावर मुलांना गोलंदाजी शिकवीत होता. एक चेंडू टाकून दाखविला आणि खाली बसला. मुलांना वाटले, सर काही शोधीत आहेत. डॉक्टरांनी हृदय बंद पडले म्हणून सांगितले. वय सत्तेचाळीस होते.

दहाव्याचा विधी कामवारी नदीच्या घाटावर झाला. बापाने मुलाचा करावा असा तो विधी नव्हे. पण हरेशने लग्न केले नव्हते, तेव्हा दुसरे कोण होते? गुरुजींनी पिंड मांडला. कावळे पुष्कळ होते. विजेच्या तारेवर ओळीने बसले होते, पलीकडे वडापावच्या गाडीपाशी उतरतही होते. पिंडाला मात्र एकही शिवेना.

आपल्या पाड्यावर रीत निराळी असेल म्हणून लिहितो. आमच्यात असे मानतात की, गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग जवळच्या माणसांनी पुढे होऊन मोठ्याने शब्द द्यायचा असतो, तुझे अमुक राहिले असेल तर ते आम्ही करू म्हणून. इच्छा बरोबर सापडली की कावळा उतरतो.

माझा पुतण्या भावेश प्रथम पुढे झाला. "दादा, तुझी नेट मी बंद पडू देणार नाही. शब्द!" कावळे जागचे हलले नाहीत. मग हरेशच्या जुन्या संघातले एक गृहस्थ म्हणाले, "हऱ्या, तुझ्या नावाने स्पर्धा भरवतो. टेनिस बॉलची नाही, सीझनची!" काही नाही. मागून कोणीतरी कुजबुजले, "अरे, बोंबलाचं विचारा. त्याला बोंबील फार आवडायचे." दुसरा म्हणाला, "दहाव्याला बोंबील?" पहिला म्हणाला, "विचारायला काय जातंय!" शेवटी मी म्हणालो, "हरेश, तुझ्या आईला मी सांभाळीन." माझेच वय एक्याऐंशी आहे.

गुरुजींनी कल्याणला दुसरीकडे वेळ दिलेली होती. त्यांनी घड्याळ पाहिले, दर्भाचा कावळा वळला आणि त्याची चोच पिंडाला लावली. "शास्त्रात सोय आहे, तात्या," असे म्हणाले. असेल. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, शास्त्र मला ठाऊक नाही. परंतु गवताची साक्ष मी मान्य केलेली नाही.

आपण चार वर्षे हरेशच्या हाताखाली फिरकी शिकलात. त्याच्याबरोबर उठलात, बसलात, सामन्यांना गेलात. मी त्याचा बाप असलो तरी आमच्यात बोलणे बेताचे असे. त्याचे काय राहिले असेल, हे आपणांस ठाऊक असल्यास कृपा करून कळवावे. दोन ओळी पुरेत. शुद्धलेखनाची काळजी करू नये.

पुंडलिक धोंडो साळवी

ता. क. : सौ. अनसूया म्हणते, फोन का करीत नाही? आपण आमचे क्रमांक बंद करून ठेवले आहेत, असे भावेशने तपासून सांगितले. म्हणून पत्र.


नारपोली, भिवंडी
रविवार, २ मार्च २०२५

श्री. जिव्या मुकणे यांस,

तुमचे उत्तर आले नाही. अनसूया म्हणाली, "अहो, असल्या पत्राला उत्तर कोण देईल? कोर्टाची नोटीस वाटते." तेव्हा या वेळी 'आपण' सोडून 'तुम्ही' लिहीत आहे. याहून खाली उतरणे तूर्त मला जमत नाही.

तुमच्या रागाचे कारण मला ठाऊक आहे. ज्या दिवशी निवड चाचणीत पंचांनी तुमची गोलंदाजी बंद केली, त्या संध्याकाळी धामणकर नाक्यावर तुम्ही हरेशला जे बोललात, ते शेअर रिक्षावाल्यांनी ऐकले आणि मी जेवायला बसण्याच्या आत नारपोलीत पोहोचले. "सर, तुमचा वाकडा हात चालतो नि माझा वाकडा चालत न्हाय. तुमी साळवी, आमी कातकरी, म्हनून ना?" मग तुम्ही पायांतले खिळ्यांचे बूट काढून त्याच्या हातात दिलेत आणि अनवाणी निघून गेलात. हरेश ते बूट हातात धरून घरापर्यंत चालत आला. रिक्षा केली नाही.

त्यावर मला जे सांगावयाचे आहे, ते हरेशने कधीच सांगितले नसेल. तो स्वतःच्या हाताविषयी बोलत नसे.

लहानपणी तो चिंचेवरून पडला. डाव्या हाताचे कोपर मोडले. आमच्या ओळखीच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या घालून बांधले. सोडले तेव्हा हाड वाकडेच जुळून आले होते. तो हात पुढे जन्मभर पुरता सरळ झाला नाही. मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. मला वाटले, डावरा मुलगा, डावाच हात गेला, आता याला माग चालवता येणार नाही. आणि त्याच हाताने तो चेंडू टाकू लागला. चेंडू हातातून केव्हा सुटतो हेच फलंदाजास दिसत नसे, असे त्याचे मित्र सांगत. रणजी सामन्यांपर्यंत गेला. तिथे त्याच्या आधीचा एक डावखुरा संघात होता, त्यामुळे हरेशचे बरेचसे हंगाम इतरांना पाणी नेण्यात गेले. तरी खेळला ते सामने चांगले खेळला.

मी त्याचा एकच सामना पाहिला. पहिलेच षटक टाकून झाल्यावर पंचाने त्याला बोलावून घेतले. हरेश दोरीपर्यंत धावत आला, पिशवीतून एक्स-रेचा फोटो काढला आणि नेऊन दिला. पंचाने तो उन्हात धरून पाहिला. दुसऱ्या पंचाने पाहिला. समोरच्या संघाच्या कर्णधारानेही मागून घेऊन पाहिला. तोवर हरेश खाली मान घालून उभा होता. स्टेशनवर पोलीस पेटी उघडून तपासतात तेव्हा गरीब माणूस उभा राहतो, तसा. नियम असा आहे की, चेंडू टाकताना वाकवलेला हात सरळ होता कामा नये. याचा सरळ होऊच शकत नव्हता, म्हणून तो नियमात बसत असे. नवे मैदान, नवे पंच आले की फोटो दाखवावा लागे. त्यानंतर मी सामन्याला गेलो नाही. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला खेळाचे कौतुक नाही.

आता तुमच्या चाचणीचे. पंच हरेशकडे आले आणि म्हणाले, "साळवी, ह्या पोराचा हात तुझ्यासारखाच दिसतो. जन्माचा आहे का? ह्याचाही फोटो असेल तर दे, पुढे पाठवतो." 'हो' म्हणणे सोपे होते. निदान तो एक दिवस टळला असता. हरेश म्हणाला, "नाही. त्याचा हात सरळ आहे." तुम्ही जवळच उभे होता.

तुमचा हात सरळ आहे, या वाक्याने तुमचा खेळ संपला; धड हात वाकवून टाकला की चेंडू सुटताना तो सरळ होतोच. तो खोटे बोलला असता तर मला आवडले असते काय, असे मी स्वतःस विचारले. उत्तर 'नाही' असे आले. आमच्या घरात खोटे चालत नाही. परंतु तो त्या रात्री जेवला नाही, आणि मीही त्यास 'जेव' म्हणालो नाही.

ताटाचा विषयही तुम्ही नाक्यावर काढला होता, असे समजते. तुमचे ताट वेगळे होते हे खरे. त्यावर तुमचे नाव घातलेले होते. नाव घातलेले ताट घरात दुसऱ्या कोणाचेही नाही. याहून अधिक या विषयावर मी लिहू इच्छीत नाही.

माझा प्रश्न तोच आहे. हरेशचे काय राहिले?

पुंडलिक धोंडो साळवी


नारपोली, भिवंडी
सोमवार, २४ मार्च २०२५

जिव्या,

काल मी तुझ्या पाड्यावर येऊन गेलो, हे तुला ठाऊक आहे. तू घरातच होतास.

तुझी आई राहीबाई म्हणाली की तू वापीला कामाला गेला आहेस. मी तिला खोटे ठरविले नाही. आई मुलासाठी जे बोलते त्यास मी खोटे म्हणत नाही. परंतु आतून खोकल्याचा आवाज आला. नारपोलीत मागांच्या तुसाने तुला लागलेला तो खोकला मी चार हिवाळे भिंतीपलीकडून ऐकला आहे. शिवाय माझी दोन्ही पत्रे दाराशेजारच्या कुडात खोचलेली होती. फोडलेली होती. ते पाहून मला बरे वाटले, आणि मी मुद्दाम मोठ्याने बोलू लागलो. राहीबाई म्हणाली, "तात्या, मी बहिरी न्हाय. हलू बोला."

तू आतून सर्व ऐकले असशील. तरी मला जसे आठवते तसे लिहितो, कारण तिच्या बोलण्यातले काही मला घरी परत आल्यावर समजले.

तिने मला तांब्याभर पाणी आणून दिले आणि देता देता हात थोडा मागे घेऊन म्हणाली, "आमचं पानी चालल ना, तात्या?" मी प्यालो. मग आणखी मागितले. एस.टी. वाड्याला सोडते, तिथून पुढे जीपने आणि शेवटी पायी, तेव्हा तहान खरीच लागली होती. पण पहिल्या तांब्याने ती भागली होती.

मी विचारले, "हरेश इथे कधी आला होता का?"

ती म्हणाली, "कवा म्हंजे? दर म्हैन्याला येत व्हते सर. त्या उंबराखाली बसत. जिव्या भाहेर येत नसे. मी म्हनं, सर, पोरगा हट्टी हाय, तुमी घरी जावा. तर म्हनत, बसतो जरा, सावली बरी हाय."

मला हे ठाऊक नव्हते. तो आम्हांस 'कल्याणला पंचांच्या बैठकीला जातो' असे सांगून निघत असे. आमच्या घरात खोटे चालत नाही असे मी तुला गेल्या पत्रात लिहिले. ते वाक्य मी खोडीत नाही, पण ते आता पूर्वीसारखे वाचता येत नाही.

"काय बोलत असे?" मी विचारले.

"एकच बोलत. राहीबाय, त्याला सांगा, तुझा हात सरल हाय. मी म्हनं, सर, ह्ये काय सांगायचं? सरलच हाय. मीच जनलाय त्याला, मला म्हाईत न्हाय?" ती हसली आणि मग एकाएकी हसू आवरून म्हणाली, "मंग सर रडत."

ती पुढे म्हणाली की, बंदी आल्यावर तू बांबूची कामटी कोपराला बांधून एकटाच खडकावर चेंडू टाकीत असस. "दोन-तीन म्हैने टाकीत व्हता. हात सरल झाला. पन बॉल फिरंना. मंग एक दिस कामटी चुलीत घातली नि कामाला लागला." मी विचारले, "तो वाकडा कशाने करीत होता? कोणी शिकविले?" तर ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी मोठा अडाणी आहे. "शिकवल कोन? सर जसं टाकत तसं त्यो टाकी. पोरं वासरावानी असत्यात, म्होरच्या ढोराची चाल उचलत्यात."

तर हे असे आहे. हरेशचा हात मोडून वाकडा झाला होता. तू तो पाहून, भक्तीने, धडधाकट हात वाकडा केलास. मोडलेला नियमात बसला आणि धडधाकट बाहेर पडला. हे हरेशला चाचणीच्या दिवशी, पंच विचारीत असताना कळले असेल, की त्याआधी कळले होते आणि त्यास धीर झाला नाही? हे तुला ठाऊक असेल. मी विचारीत नाही.

मी असे समजत होतो की, तुझ्याकडून माफी हीच त्याची राहिलेली इच्छा असावी. म्हणून निघताना उंबराखाली उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, "हरेश, जिव्याने तुला क्षमा करावी असे मी त्यास सांगितले आहे." दारात कोणी आले नाही. झाडावर दोन कावळे होते, तेही आपापल्या कामात होते. राहीबाई म्हणाली, "तात्या, गाडी जाईल तुमची."

पुंडलिक साळवी


नारपोली, भिवंडी
सोमवार, १४ एप्रिल २०२५

चि. जिव्या,

'चिरंजीव' लिहिले आहे. नको असल्यास खोडून वाचावे.

गेले पंधरा-वीस दिवस मी सकाळी शाळेमागच्या मैदानावर जाऊन बसतो. हरेशची खुर्ची तिथेच आहे. घरात अनसूया त्याचे कपडे पुनःपुन्हा घड्या करून ठेवते; ते पाहण्यापेक्षा मैदान बरे. नेट आता भावेश चालवितो. गोदामातली ड्युटी संपवून येतो, आणि मुलांना शिकविण्यापेक्षा मोबाइलवर त्यांची छायाचित्रे अधिक घेतो. पण येतो, हे त्याचे चांगले.

मला क्रिकेट कळत नाही. पहिले काही दिवस मी नुसता बसत असे. शेजारच्या शेडमधल्या मागांचा खटखटाट ऐकू येतो, त्याने मला जरा स्वस्थ वाटते. आणि मागावर जन्म गेलेल्या माणसाला एक सवय असते: पुनःपुन्हा होणारी हालचाल पाहिली की त्यात चुकते कुठे, तिकडे डोळा जातो. एका सकाळी फिरकी टाकणारी मुले रांगेने चेंडू टाकीत होती. पहिला मुलगा आला. त्याचे कोपर वाकडे. दुसऱ्याचे वाकडे. तिसरी पूर्वा, दहा वर्षांची, हरेशची सर्वांत लाडकी. तिचे तर इतके हुबेहूब की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तोच हात. चिंचेवरून पडलेला माझा मुलगा तिथे पुनःपुन्हा येऊन चेंडू टाकीत होता, जिव्या, आणि त्यातल्या एकाही मुलाचा हात मोडलेला नव्हता.

मी पूर्वाला बोलावले आणि म्हणालो, "बाळ, हात सरळ ठेव."

ती म्हणाली, "सर असाच टाकायचे."

"सरांचे निराळे होते."

"तात्या, तुम्ही कधी बॉल टाकलाय का?"

"नाही."

"मग!" असे म्हणून ती रांगेत गेली. दुसरा एक मुलगा, मागवाल्यांचा, तिला म्हणाला, "दादाजी को क्या मालूम, सर का हात देखा है क्या उन्होंने?" तो हात कामट्यांतून सुटला तेव्हा तेल लावून चोळणारा मीच होतो.

भावेशला सांगितले. तो म्हणाला, "तात्या, विकेट पडतायत ना? मग हात कुठेका वाकेना. मे महिन्यात स्पर्धा आहे, आता कुणाची ॲक्शन बदलायची नाही."

"पुढे पंच बंद करतील."

"पुढचं पुढे. दादाचा चाललाच की आयुष्यभर."

"त्याचा मोडलेला होता, भावेश!"

"मग ह्यांचाही मोडलाय म्हणून सांगू," असे म्हणून तो हसला. हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. त्याच्याशी मी बोलणे बंद केले आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी अनसूयेला म्हणालो, "हरेशचे काय राहिले ते मला सापडले." तिने कपड्यांवरून मान वर केली नाही. म्हणाली, "मला केव्हाच ठाऊक आहे. तुम्ही कावळ्याला विचारीत बसलात." मग म्हणाली, "जिव्याला लिहा. आणि या खेपेला बापासारखे लिहा."

बापासारखे कसे लिहितात ते मला येत नाही. मी हरेशला कधी पत्र लिहिले नाही. तेव्हा सरळ लिहितो.

तुझ्याकडे क्षमा मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. क्षमा तुझी आहे; दे अथवा देऊ नकोस. परंतु हा हात वाकडा कसा होतो आणि सरळ कसा करावा लागतो, या दोन्ही गोष्टी आपल्या अंगावर सोसलेला माणूस या जगात एकच आहे. हरेशला सरळ हात येत नव्हता, मला चेंडू येत नाही, भावेशला घाई आहे. पूर्वाचे हाड अजून कोवळे आहे. एका वर्षाने ती सवय हाडासारखी होईल आणि मग कोणीतरी पंच तिच्याजवळ येऊन विचारील, 'हिचा फोटो आहे का?' त्या वेळी खरे सांगणारा कोणीतरी तिथे असेल. असलाच पाहिजे. मग ती अनवाणी कुठे जाईल?

ये, असे लिहिण्याचा मला अधिकार नाही. तुझे ताट अनसूयेने फळीवरून काढले आहे. आता ती मला त्याच ताटात वाढते. मी जेवतो.

तुझे बूट दाराजवळच्या खिळ्यास टांगलेले आहेत. हरेश दर दिवाळीला त्यांना तेल लावीत असे.

तात्या


नारपोली, भिवंडी
सोमवार, ५ मे २०२५

श्रीयुत जिव्या सर यांस,

या वेळी 'श्रीयुत' लिहिताना पत्र अडले नाही, आणि 'आपण'ही आपोआप आले.

काल सकाळी आपण मैदानावर आलात. भावेश स्पर्धेच्या मोठ्या मुलांना घेऊन बाहेर गेला होता. हे आपण पाहूनच आला असाल. मी खुर्चीवर होतो. आपण फाटकातून न येता मागच्या भिंतीकडून आलात, बराच वेळ तिथेच उभे राहिलात आणि हातांकडे पाहत होतात. मी आपणांस ओळखले. खांदे भरले आहेत. गोदामात गोणी उचलण्याचे काम असावे.

मग आपण पूर्वाकडे गेलात. मी ऐकत होतो, हे लपवीत नाही.

"तुम्ही कोण?" तिने विचारले.

"कोन न्हाय. हात दाखव."

"मी सरांसारखा टाकते."

"सरांचा हात मोडलेला व्हता. तुझा मोडलाय?"

"नाही."

"मंग?"

मी तिला तीन आठवडे जे सांगत होतो, ते आपण एका शब्दात सांगितलेत. आपण कमरेला खोचलेली कामटी काढलीत. तासून, गुळगुळीत करून आणली होती; कडा कापडाने गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे घरून ठरवून आणली होती. ती तिच्या कोपराला बांधताना आपण विचारलेत, "दुखतंय?" ती म्हणाली, "नाही." आपण म्हणालात, "दुखल. रडायचं न्हाय." ती म्हणाली, "मी नाही रडत." आपण म्हणालात, "मी रडलो व्हतो."

पहिला चेंडू नेटच्या छतावर गेला. मुले हसली. "हसू नका रे," आपण म्हणालात, "माझा खडकावरून खाली वढ्यात गेलता. दिसभर शोधला." दुसरा तिच्या स्वतःच्या पायाशी पडला. तिने विचारले, "आता फिरणार कधी?"

"आज न्हाय फिरायचा."

"मग कधी?"

आपण गाठ पुन्हा तपासलीत. आपला चेंडू पुन्हा कधीच फिरला नाही, हे तिला सांगावयाचे की नाही, असा तो विचार असावा. मलाही ठरविता आले नसते.

जाताना आपण माझ्या खुर्चीमागून गेलात. क्षणभर थांबलात. पायांत चपला होत्या. मी मान वळविली नाही. वळविली असती तर आपण रीत म्हणून वाकला असता, मला आशीर्वाद द्यावा लागला असता, आणि माझा आवाज त्या वेळी ताब्यात नव्हता. एवढेच कारण होते. म्हाताऱ्याने ओळख दिली नाही, असे आपण मनात घेतले असल्यास ते काढून टाकावे. घरी येऊन मी अनसूयेस सांगितले. ती म्हणाली, "आणि तुम्ही बसून राहिलात?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बूट खिळ्यावरून काढून तिने दाराबाहेर, पायरीवर ठेवले आहेत. रात्री आत घेते, सकाळी पुन्हा ठेवते.

मैदानावर कावळे होते. ते रोजच असतात. काल मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

पूर्वा कामटी सोडू देत नाही. आंघोळीला नाही, निजताना नाही. आज सकाळी तिची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "तात्या, तुम्ही तरी सांगा हिला." मी सांगितले नाही. पूर्वा खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. बांधलेला हात पुढे धरून मला म्हणाली, "ते सर परत कधी येणार?"

'येतील' म्हणणे सोपे होते. ती आनंदाने रांगेत गेली असती. परंतु खरे बोलण्याची किंमत आमच्या घरात हरेशने दिली आणि त्याहून अधिक आपण दिलीत. तेव्हा मी तिला म्हणालो, "मला ठाऊक नाही, बाळ."

तिने कोपरावरची गाठ चाचपली. मग म्हणाली, "तोपर्यंत हात सरळ आहे का, ते तुम्ही बघा."

मी बघत आहे.

तात्या